न वेचलेल्या तिसऱ्या

मुलीकडे न्यूझीलंडला आलो तेव्हा पत्नीला जाऊन चार महिने झाले होते. शेजारच्या हानाबाई इथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी; त्या रोज ओहोटीला वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायला जात. आज मात्र त्या रिकाम्या हातांनी काठावरच उभ्या होत्या.

“पुतण्या इथे बुडाला ना, आता काही महिने या पाण्यातलं कुणी काही घ्यायचं नाही,” त्या म्हणाल्या. “माझा भाऊ बुडाला तेव्हाही असंच केलं होतं.”

या किनाऱ्यावरचा परंपरागत हक्क त्यांचं कुळ कोर्टात मागतं आहे. जुन्या करारात इंग्रजांच्या राणीने तो राखण्याचा शब्द दिला होता. तरी वहिवाट कधी तुटली नाही, हे यांनीच सिद्ध करायचं.

“सरकारचा वकील विचारतो, भावाच्या वेळी इतके महिने इथे कुणीच कसं नव्हतं? म्हटलं, बाळा, तुझ्या घरातलं कुणी वारलं म्हणून दार बंद ठेवलं, तर ते घर दुसऱ्याचं होतं का?”

मी हसलो, आणि मला पुण्यातली पत्नीची बंद खोली आठवली. ती गेल्यापासून मी तिथे पाऊल टाकलेलं नाही.

भरती चढू लागली होती. ओल्या वाळूवर एकही पाऊल नव्हतं, आणि तो किनारा कुणाचा आहे हे मला इतकं स्पष्ट कधीच दिसलं नव्हतं.