खोट्या विटाळाचे तीन दिवस

सकाळी अकरा माणसांचा स्वयंपाक, मग महाल भागातल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण, संध्याकाळी पुन्हा चूल आणि पोरांचे पाढे. त्या आठवड्यात मी वर्गात विनाकारण रडले आणि घरी येऊन पळी भिंतीवर भिरकावली. सासूबाईंनी ती उचलून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दिवाळीची सुट्टी लागली. म्हणजे आता फराळाचा घाणा! मी सरळ मागच्या पडवीत जाऊन बसले आणि ओरडून सांगितलं, "मला कावळा शिवला." पाळी आलेल्या बाईने तीन दिवस कशाला हात लावायचा नाही, या नियमाचा मला एरवी संताप यायचा. त्या दिवशी मी त्याच्याच आडोशाला गेले. खरी पाळी पंधरा दिवसांपूर्वीच होऊन गेली होती.

तीन दिवस मी झोपले, संत्री खाल्ली. छातीवरचं दडपण उतरलं.

चौथ्या दिवशी न्हाऊन स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाई एकट्याच चकल्या तळत होत्या.

"पंधरा दिवसांतच परत शिवला काय वं कावळा?" त्यांनी हळूच विचारलं.

माझा चेहरा पडला.

"काहून घाबरून राहिली? माझी सासू होती तोवर मले वर्षातून वीसदा शिवे."