दिव्याला अर्थ नाही

माणिकप्पा कमी बोलायचा. लातूरच्या रिंगरोडला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं आणि घरी शिवकांता होती. दोन्हीकडं त्याचं 'हाव', 'न्हाई' आणि 'बघतो' एवढ्यावर भागायचं. शिवकांता म्हणायची, ह्यांच्या तोंडाला नळ हाय, पण पाणी सोडायचा दिवस ठरलेला न्हाई. त्या उन्हाळ्यात लातुरात ही उपमा कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती.

बॅटरीची काळी वायर जिथं चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टानं आवळतात, त्या जोडाला वायरिंगवाले 'अर्थ' म्हणतात. शब्द इंग्रजीतून आला आणि मराठीतल्या एका भल्या घरच्या शब्दाचं नाव लावून राहू लागला. माणिकप्पा दिवसभर गाड्यांखालून सांगत असायचा, ह्याला अर्थ न्हाई, त्याचा अर्थ ढिला हाय. नवख्याला वाटावं, माणूस विरक्त झालाय.

एप्रिलात भुजंग टँकर घेऊन आला. ट्रॅक्टर सोडून तो नुकताच टँकरवर लागला होता. चाकूरकडच्या एका खेड्याच्या विहिरीत पाणी नेऊन ओतायचा. टँकर उदगीरच्या विरूपाक्षाचा. उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती, म्हणून विरूपाक्षानं टाकीवर आधीच 'जि. उदगीर' रंगवून घेतलं होतं. जिल्हा झाला नव्हता. टँकर झाला होता.

भुजंगाची तक्रार पिवळ्या दिव्याची. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ नयेत म्हणून नव्या गाड्यांत एक पेटी असते. ती काम सोडते तेव्हा समोर हा दिवा लागतो. इथं तो कधी लागायचा, कधी विझायचा. आधी एकानं चाकाजवळचे सेन्सर पुसून दिले होते, दुसऱ्यानं बॅटऱ्या बदलल्या होत्या. दिवा तसाच.

"विहिरीपाशी उतार हाय, अप्पा," भुजंग म्हणाला. "काल ब्रेक मारला तर चाकं जाम. मागचं धूड आडवं सरकलं. बायापोरं काठालाच उभी असतेत."

माणिकप्पा 'बघतो' म्हणाला.

बसलेला माणूस धडधाकटच दिसतो, ओझं दिल्यावर कळतं. बॅटरीबद्दलही त्याचं हेच मत होतं. त्यानं मोठे दिवे, वायपर, जे होतं ते सगळं चालू केलं आणि मग मीटर लावला. बॅटरीवर चोवीस व्होल्ट, पेटीपाशी अठरा. उरलेले सहा वाटेत कुठंतरी जिरत होते, टँकरच्या फेऱ्यांसारखे. लाल वायर चांगली निघाली. मग त्यानं मीटरची एक सुई बॅटरीच्या काळ्या टोकाला आणि दुसरी पेटीच्या काळ्या वायरीला लावली. तिथं जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं. तिथं सहाच्या सहा सापडले.

तो गाडीखाली शिरला. टाकी बसवणाऱ्यानं अर्थचा बोल्ट हलवून रंगावरच आवळला होता, आणि टाकीचा कॉक नेमका त्याच्यावर ठिबकत होता. बोल्ट हिरवागार. सबंध जिल्ह्यात बारमाही पाण्याची तेवढीच जागा असावी.

तेवढ्यात विरूपाक्षाचा फोन आला. गावातून त्याच्यामागं तगादा लागला होता, टँकर कुठंय. भुजंगानं फोन कानाला धरूनच वाकून विचारलं, दिवा कशानं लागायलाय.

"अर्थ न्हाई त्याला," माणिकप्पा खालून म्हणाला.

"अप्पा म्हनायलेत, दिव्याला अर्थ न्हाई," भुजंगानं मालकाला कळवलं.

उताणा पडलेल्या माणिकप्पानं ते ऐकलं आणि मान हलवली. त्याच्या मते निरोप अगदी बरोबर गेला होता. तो बाहेर आला, 'आलो' म्हणाला आणि जाड वायर आणायला चौकातल्या दुकानात गेला.

परत आला तर टँकर नव्हता. चाकूरच्या दिशेनं डांबरावर ठिबकलेल्या पाण्याची रेघ तेवढी गेली होती.

भुजंग फोन उचलेना. माणिकप्पानं विरूपाक्षाला लावला.

"तुम्हीच म्हनालात की, अर्थ न्हाई म्हनून."

"हाव. अर्थ न्हाई."

"मग झालं तर."

"वायरीचा अर्थ," माणिकप्पा म्हणाला. "ब्रेकचा. गाडी थांबवा."

विरूपाक्षाला कळलं. त्यानंही फोन लावला. भुजंगाचा फोन पिवळ्या दिव्याशेजारी वाजत राहिला असणार. माणिकप्पा वायर पिशवीत टाकून मोटरसायकलवर निघाला.

तो पोचला तेव्हा उतार संपेपर्यंत काळे पट्टे ओढलेले होते. चाकं जाम होऊन मागचं धूड विहिरीकडं सरकायला लागलं, तसं भुजंगानं ब्रेक सोडून स्टिअरिंग शेताकडं फिरवलं, असं काठावरच्या बाया सांगत होत्या. त्यांच्यातल्या कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. टँकर बांधावरून कोरड्या रानात उलटला होता. केबिन टाकीखाली दबली होती. भुजंग आत होता, आणि त्याला काढायला आता घाई नव्हती. टाकीतून पाणी वाहत होतं. काही माणसं केबिनकडं धावली होती, बरीच घागरी घेऊन पाण्याकडं. त्यांना नावं ठेवावीत असं माणिकप्पाला वाटलं नाही. वायरीची पिशवी हातात धरून तो तसाच उभा राहिला.

पावसाळ्यानंतर टँकर पत्रा ठोकून, रंग लावून दुकानाला आला. 'जि. उदगीर' पुन्हा नव्यानं रंगवलं होतं. दिवा लागलेलाच होता. माणिकप्पानं रंग खरवडून लोखंड उघडं केलं, नवी वायर आवळली, मीटरवर शून्य बघितलं. नव्या ड्रायव्हरनं, शेषेरावानं, काय झालं होतं म्हणून विचारलं.

माणिकप्पा हात पुसत उभा राहिला. "काळी वायर चासीला नीट टेकत नव्हती," तो म्हणाला. "त्याच्यानं ब्रेकच्या पेटीला करंट कमी पडायचा. चाकं जाम व्हायची. पुन्हा दिवा लागला तर गाडी जागची हलवायची न्हाई."

एवढं सलग तो शिवकांताशीही कधी बोलला नव्हता.

"म्हंजी अर्थ नव्हता म्हना की," शेषेराव म्हणाला.

माणिकप्पानं पान्हे गोळा करायला घेतले.