लाल कंपनीचे साडू

माणसं पक्ष बदलतात, गुरू बदलतात, दाढदुखी थांबली नाही तर डॉक्टरही बदलतात. पण माझ्या थोरल्या साडूंइतका एकनिष्ठ ग्राहक पृथ्वीवरच्या कुठल्याही कंपनीला मिळालेला नाही, आणि त्या कंपनीला याची खबरही नाही. ही कंपनी साबणाची नव्हे, ग्राफिक्स कार्डांची. संगणकाच्या पडद्यावरची चित्रं ज्या जाडजूड, पंखे लावलेल्या पाटीच्या जिवावर हलतात, ते हे कार्ड. ते बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दोन. एकीचा रंग लाल, दुसरीचा हिरवा. साडू लाल कंपनीचे. ते जासईच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहेत, पनवेलजवळच्या विचुंब्याला राहतात आणि संगणकावर आयुष्यात एकच खेळ खेळले आहेत: पत्त्यांचा, एकट्याने लावायचा. त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, हे मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "साडूभाऊ, ही बदामची राणी जरा जवळून बघा. तुमच्याकडं झळकते का अशी?"

निष्ठेचं मूळ त्यांच्या पहिल्या कार्डात आहे. ते अकरा वर्षं चाललं. शेवटची दोन वर्षं त्याचा पंखा बंद होता, म्हणून साडूंनी संगणकाचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. मे महिन्यात घरची माणसं घामाघूम आणि कार्ड वाऱ्यात, असं दृश्य मी स्वतः पाहिलं आहे. "त्याचं मीठ खाल्लंय आमी," ते म्हणत. तेव्हापासून हिरवा रंगच त्यांच्या मनातून उतरला. वडापावच्या गाडीवर ते लाल चटणीच घेतात. पुतणीच्या लग्नात कासार हिरवा चुडा भरत होता, तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "शास्त्र हाय म्हणून गप बसलोय." हिरव्या कंपनीने भाव वाढवला की ती लुटारू. चार दिवसांनी लाल कंपनीही वाढवते, फक्त एक बोट कमी. त्यावर साडू म्हणतात, "बघा, गरिबाचा विचार." दोन्ही कंपन्यांच्या चिपा एकाच परदेशी कारखान्यात बनतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि अविचाराने बोलून गेलो. तीन आठवडे अबोला. मग एका दुपारी फोन आला. "शाळा एक असली तरी संस्कार घरचे असतात," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

त्यांची खरेदीची पद्धत मात्र कार्डांच्या बाजारातली नव्हती. ती मासळी बाजारातली, आईकडून शिकलेली होती. सकाळी पापलेटाला हात लावायचा नाही, संध्याकाळी टोपली उठताना जायचं, भाव आपोआप उतरतो. हा नियम त्यांनी जसाच्या तसा पनवेलच्या जुन्या बाजारातल्या नझीरभाईंच्या संगणकाच्या दुकानाला लावला. दर रविवारी शटर अर्धं खाली आल्यावर ते वाकून आत शिरत आणि विचारत, "आज काय लावलं?" नझीरभाई कोकणी मुसलमान, जिभेवर साखर. ते म्हणत, "दादा, मासळी नासते म्हणून उतरते. हे डब्यात आहे, नासत नाय." तरी चहा येई, दोघे पीत, साडू रिकाम्या हाताने परत. आधी संगणकावर क्रिप्टोची आभासी नाणी खणणाऱ्यांनी कार्डं उचलली म्हणून भाव चढला, मग एआयवाल्यांनी उचलली म्हणून. साडू थांबलेच. "उतरंल," म्हणत.

हे सगळं गमतीचं होतं ते प्राचीला पत्र येईपर्यंत. प्राची त्यांची एकुलती एक मुलगी, अॅनिमेशन शिकलेली. हैदराबादच्या एका स्टुडिओने तिला एक मिनिटाची फिल्म करून पाठवायला सांगितली. आवडली तर नोकरी. मुदत पंधरा दिवस. तिचं सॉफ्टवेअर हिरव्या कंपनीच्या कार्डावरच धावायचं. पहिल्याच्या जागी तात्पुरतं बसवलेल्या घरच्या जुन्या लाल कार्डाला ते ओळखच देत नव्हतं. त्यामुळे सगळा भार संगणकाच्या प्रोसेसरवर पडे आणि एका मिनिटाला एक महिना लागणार होता. प्राचीने हे वडिलांना सांगितलं. साडू म्हणाले, "घेऊ की. रविवारी जातो."

रविवारी भाव चढलेला होता. "पुढच्या रविवारी बघू," म्हणाले. पुढच्या रविवारी आणखी चढला, आणि नझीरभाईंकडे तसलं एकच कार्ड उरलं. साडू चहा पिऊन परत आले. सोमवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. साडूंनी "उतरंल" म्हटल्यावर प्राची भांडली नाही. म्हणाली, "राहू दे पप्पा. मी त्यांना कळवते, जमणार नाही म्हणून." आणि आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायला लागली. साडू उगाच रिमोटची बॅटरी काढून पुन्हा घालत बसले.

मंगळवारी सकाळी दहाला ते दुकानापुढे उभे होते. सोबत मी होतो. नझीरभाई शटर वर करता करता थबकले. "दादा, सकाळी? घरी खैरियत ना?"

"हिरवं दे," साडू म्हणाले.

"लाल ना?"

"हिरवं म्हटलं ना, यार!"

नझीरभाईंनी भाव सांगितला. साडूंनी घासाघीस केली नाही. नझीरभाई ती सुरू व्हायची वाट बघत राहिले. मग साडू हळूच म्हणाले, "काळी पिशवी हाय का?" दारूची बाटली नेतात तसं ते हिरवं खोकं काळ्या पिशवीत गुंडाळून, बगलेत धरून त्यांनी विचुंब्याला नेलं. घरी कार्ड बसलं. संगणकाच्या काचेतून त्याचं नाव हिरवंगार चमकायला लागलं, तेव्हा त्यांनी काचेची बाजू भिंतीकडे फिरवली.

फिल्म एक दिवस आधी गेली. खाडी, काठाची तिवराची झाडं, एक होडी आणि होडीत जाळं झाडणारी एक बाई. साडू प्राचीच्या खुर्चीमागे उभे राहून पाहत होते. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं आणि म्हणाले, "पाणी खरं दिसतंय गं. तुझ्या आजीसारखी बसलीय ती."

प्राचीला नोकरी लागली. मागच्या महिन्यात ती हैदराबादला गेली. काल साडू भेटले तेव्हा मी सवयीने खोडी काढली: "काय हो, तिकडे तिला कुठल्या कंपनीचं कार्ड दिलंय?"

मोठं भाषण येईल म्हणून मी तयारीत होतो.

"ते नाय विचारलं," म्हणाले. "जेवणाचं विचारलं. डाळ लय आंबट असते तिथं. भात बरा असतो म्हणते."