वायरीसंगं लावलेली शर्यत

"आधी ओळख, मंग काम," असं म्हनल्याबिगर तो मानूस कम्प्युटरच्या वायरीले हात लावे नाई. दोन मशिनायची एकमेकायले ओळख करून द्याची, हाच त्याचा धंदा. मले वाटे, हा सोयरिका जुळवनारा हाय का काय!

तवा मी दारव्ह्याच्या एका जिनिंगमंदी झाडलोट करो. फाटकाजवळ वजनकाट्याची खोली, अंगनाच्या पल्याड हापिस. कापसाच्या गाडीचं वजन झालं का चिठ्ठी हापिसात पोचवाची, हे बी माह्यंच काम. वर्सामांगं वर्स कापूस बुडाला होता, वावरात निंदाले कोनी बलावे नाई. घरी मी आन् आंधळी सासू. दोघीयची चूल त्या चिठ्ठ्यायवरच पेटे.

आन् हा आला वायर टाकाले.

"भाऊ, याच्यानं काय होते?"

"मावशी, या खोलीतला कम्प्युटर त्या खोलीतल्याले आवाज देते, 'हायेस का?' तो म्हनते, 'हावो.' मंग हा म्हनते, 'मी अमका, फाईल दाखव.' ओळख पटली का दाखवते."

"आन् नाई दाखवली तं?"

"परवानगी मांगा लागते."

"म्हंजे माह्या सासूवानीच हाय हे!"

तो लय हासला. तुमाले सांगते, मी मातर लय शहानी! म्हनलं, वायर तं पडून राह्यते, तिले कुठं पाय हायेत? त्यानं बटन दाबलं आन् मी चिठ्ठी घेऊन पदर खोचून पयाली. कापसाच्या गंजीले वळसा घालून, चप्पल मधातच टाकून हापिसात पोचली. मुनीमजी आकडा पाहून चहा पिऊन राह्यले होते. सारे हासले. मी बी हासली, पन माह्या हातातली चिठ्ठी कोनी मांगतली नाई.

मांगून तो आला, माही चप्पल हातात घेऊन. "मावशी, घरी कोन कोन हाय?"

सांगतलं. त्यानं चप्पल माह्या पायापाशी ठेवली.

सांजेले छपाईचं मशीन बसवाचं होतं. दोन्ही कम्प्युटरात मिळून एकच. शेटजी म्हनले, "माह्या टेबलाजवळ ठेव."

"नाई शेटजी, इथली लाईट कमजोर हाय. काट्यावर ठेवू. हुकूम इथून द्या, कागद तिथं निंघन."

"आन् तो इकडं आनन कोन?"

"मावशी हाय ना."

मले रागच आला. चिठ्ठी वायरीनं नेली आन् यानं माह्या मांगं कागद लावले! बिलं, पावत्या, सारं काट्यावर छापे आन् मी अंगन तुडवत नेओ, वाटंनं त्याले शिव्या देओ. पुढं शेटजीनं झाडलोटीच्या बाकीच्या बायायले कामावरून काढलं, मलेच ठेवलं. तरी माह्या डोस्क्यात उजेड पडला नाई.

काई वर्सानं दुसरा मेकॅनिक आला. काट्याच्या खोलीतली रुईची धूळ पाहून त्यानं कपाळावर हात मारला. "हे मशीन इथं कोन्या गाढवानं ठेवलं? शेटजी म्हनते तिकडची लाईट कमजोर, पन लाईट तं दोन्हीकडं सारखीच हाय!"

मी झाडू धरून उभी होती. "पयले तो भाऊ येत जाय, तो कुठं राह्यते आता?"

"कोन जाने, मावशी. त्यानं हे काम कवाचंच सोडलं."

मशीन घुरघुरलं. कागद निंघाला. म्या उचलला. तव्यावरून काढलेल्या भाकरीवानी गरम होता. हापिसातून शेटजीचा आवाज आला, दुसऱ्या खेपेले बी आला. पन माह्ये पाय काई उचलत नव्हते.