नखांच्या कडा

सापगावजवळच्या पाड्यावर बुधी आणि तिची सून राही टोपल्या विणायच्या. बुधीला मुलगी नव्हती, ती उणीव राहीने भरून काढली होती. १९९८ साली राहीचे सांधे सुजू लागले, गालांवर लाल चट्टे उठले आणि पोटातलं दुसरं मूलही गेलं. शहापूरच्या डॉक्टरांनी तिला मुंबईला धाडलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव ल्युपस सांगितलं. "यात काहींच्या रक्ताच्या गुठळ्या होतात. मुलं त्यामुळेच गेली असतील." रक्त काढून घेतल्यावर त्यांनी नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बोट धरलं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांवरून धोक्याचा अंदाज येतो. पण बांबूच्या कामट्यांनी नखांच्या कडा पार चिरल्या होत्या.

"हे कामामुळे की आजारामुळे, कळत नाही. महिनाभर हातांना आराम द्या. तोवर रक्ताचा अहवालही येईल."

घरी आल्यावर बुधीने कोयता उचलून ठेवला. "आता कशाला हात लावायचा नाय गो. तू बस. मी हाय ना."

राहीला बसून खाणं जड जायचं. ती उठली की बुधी दटावायची, संध्याकाळी तिच्या बोटांना खोबरेल चोळायची. चिरा भरल्या. बुधीला वाटलं, आजारच उतरतोय.

दुसऱ्या तपासणीत चिरा नसल्याने नखांखालचं सगळं स्पष्ट दिसलं. रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या झालेल्या, मध्ये रक्त झिरपल्याचे ठिपके. रक्ताचा अहवालही वाईटच होता. बाईंनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लगेच सुरू केल्या. पण त्याच आठवड्यात राहीची पोटरी सुजली, धाप लागली. जीप शहापूरला पोचेपर्यंत ती बुधीच्या मांडीवरच गेली.

"मीच तिला बसवून ठेवली," बुधी मुलाला, लखमाला म्हणाली. "चालतीफिरती असती तर रक्त गोठलं नसतं."

लखमा मुंबईला जाऊन बाईंना भेटला. "आये, त्या बोलल्या, तुझा दोष नाय. आजारच तसा होता."

"त्यांना बोलायला काय जातं," बुधी म्हणाली.

पुढे लखमाने दुसरं लग्न केलं. नवी सून प्रेमा गुणी होती, तिला मूलही झालं. बाळंतपणात शेजारणी तिला "जरा बसून घे गो" म्हणाल्या, की बुधी घराबाहेर निघून जायची.