खड्यांची मजुरी

आम्ही खडे निघावेत म्हणून देवाला साकडं घालायचो, हे आज कुणाला सांगितलं तर लोक हसतात. हसू द्या. निजामाचं राज्य होतं, लढाईमुळं टंचाई होती. येडशी स्टेशनाजवळच्या बड्या दुकानाच्या मागच्या अंगणात आम्ही तीस-चाळीस बाया सुपं घेऊन ज्वारी निवडायला बसायचो आणि आम्हाला मजुरी मिळायची ती निवडलेल्या खड्यांवर. एक डबडं खडे मुनिमापुढं ओतले की एक मापटं ज्वारी पदरात पडायची. दिवसभर मान मोडून बसलात आणि पोतं साफ निघालं, तर तुमचं नशीबच फुटकं. म्हणून सकाळी पोत्याचं तोंड सोडताना जी ती मनात म्हणायची, रामलिंगा, आज खडे भरपूर निघू दे.

बडं दुकान हे लोकांनी पाडलेलं नाव. मालक कुठंतरी लांब, रेल्वेच्या कडेनं गावोगाव त्यांच्या पेढ्या. एकाच पत्र्याखाली धान्य, कापड, गूळ, रॉकेल, मीठ, पार नांगराच्या फाळापर्यंत सगळं मिळायचं. सुरुवातीला त्यांनी भाव इतके पाडले की लोक पार भूम गावाकडून गाड्या जुंपून यायचे. गावातली चिल्लर दुकानं एकेक करून बसली. मग भाव हळूहळू चढले, तोवर दुसरीकडं जायला दुकान उरलंच नव्हतं. त्या बसलेल्या दुकानांत एक आमचंही होतं.

सासऱ्यांच्या माघारी ते सासूबाई चालवायच्या. मी त्यांना आत्या म्हणायची, त्यांचा लेक अव्वा. त्या जळकोटाकडच्या, लिंगायत वाण्याच्या घरातल्या, गळ्यात लिंग. गिऱ्हाइकाला माप घातल्यावर वर मूठभर जास्तीचं टाकल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही, आणि दुकान त्या मुठीपायीच बसलं असं आमचे मालक म्हणायचे. नवऱ्याला आमच्याकडं मालक म्हणतात, मग तो हमाल का असेना. आमचे होतेच हमाल, त्याच बड्या दुकानाच्या कोठारात. ज्यांनी आमचं दुकान बुडवलं त्यांच्याच दारात आम्ही तिघंही पोटाला लागलो होतो. मला याचा भयंकर राग यायचा. मी तोंड उघडलं की आत्या म्हणायच्या, "काम हाय न्हवं? मग गप निवड."

एका उन्हाळ्यात मुनिमानं फर्मान काढलं, आता दोन डबड्यांना एक मापटं. आत्या पुढं झाल्या.

"मुनीमजी, असं कसं वो? दोन डबडी भरायला दिस पुरंल का?"

मुनीम कान कोरत होता. "बाई, खडेबी वाढलेत की. तुमचंच बरं हाय."

आणि खडे खरंच वाढले होते. त्यातही आत्या आणि मी ज्या पोत्यांवर बसायचो त्यांत तर इतके, की आमचं डबडं सगळ्यांच्या आधी भरायचं. शेजारणी टोमणे मारायच्या, तुमच्यावर बरी मेहेरबानी आहे म्हणायच्या. आत्या गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगायच्या, "त्याचीच किरपा."

त्या दिवसांत माझ्या हातात मामानं आणलेल्या बांगड्या होत्या, हिरव्या, आतून पिवळी रेघ गेलेल्या. तसल्या गावात कुणाकडं नव्हत्या, त्यामुळं मी हात जरा जास्तच हलवून बोलायची. पोतं ओढताना त्यातली एक फुटली. जीव हळहळला, पण तुकडे फेकले नाहीत, डबड्यात टाकले. काचेनंही डबडं भरतंच की.

पुढं चार-आठ दिवसांनी, सकाळी, मी घरी मजुरीची ज्वारी दळायला काढली. मजुरीची ज्वारीसुद्धा दुकानाचीच आणि खड्यांनी भरलेली. दिवसभर त्यांची निवडायची आणि सकाळी उठून आपली, ती फुकट. सूप पाखडताना काहीतरी चमकलं. उचलून बघितलं तर हिरवी काच, आतून पिवळी रेघ.

हातातल्या बांगडीला तो तुकडा लावून बघितला, उगीचच, कारण मला कळून चुकलं होतं. मी डबड्यात टाकलेलं माझ्याच सुपात परत आलं होतं. मग बाकीचे खडे कुठले होते? मी किती दिवस तेच ते खडे निवडत होते?

"आत्या, ह्यो तुकडा म्या डबड्यात टाकला व्हता," मी म्हणाले.

आत्यांनी तुकडा हातात घेतला. त्यांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. जन्म मापात गेलेली बाई ती, एका क्षणात समजल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. माहेरच्या कानडीत काहीतरी पुटपुटल्या. राग अनावर झाला की त्या कानडीत बोलायच्या, आम्हाला कळू नये म्हणून.

तेवढ्यात मालक तोंड धुऊन न्याहारीला आले. आत्यांनी भाकरी वाढली आणि विचारलं, "मुनिमाम्होरची डबडी कुठं जात्यात रं?"

"इक्रीच्या पोत्यात," ते म्हणाले, आणि भाकरी मोडली. जणू कुणी विचारलं होतं, सांडपाणी कुठं जातं.

"कोन घालतं?"

"म्या घालतो. आनखी दोघं हायत. साफ माल गाडीनं भाईर जातो, अव्वा. हितं इकायचा त्यात खडे घालायचे, असा मुनिमाचा हुकूम हाय. तुमची मजुरी त्यातलीच."

मला वाटलं, याहून वाईट आता काही ऐकायचं राहिलं नाही. पण मालकांचं बोलणं संपलं नव्हतं. ते माझ्याकडं वळले आणि जरासे हसले.

"दोन डबडी केल्यापासनं म्या तुमच्या निवडायच्या पोत्यातबी वंजळ वंजळ खडे टाकतो. मुनिमाला ठावं न्हाय. म्हनलं, तुमची डबडी तरी लौकर भरतील."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. सूप त्यांच्या डोक्यात घालावं असं वाटलं आणि रडूही आलं. आम्ही दिवसभर वाकून जे वेचत होतो ते यांनी मायेनं आमच्यासाठी पेरलं होतं. आणि ते इतक्या सरळ मनानं सांगत होते, बायकोला गजरा आणल्यासारखं.

आत्या एवढंच म्हणाल्या, "आन् म्या रोज लिंगाला हात लावत व्हते." त्या दिवशी त्यांनी अन्नाला स्पर्श केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या संध्याकाळी घरोघर जायला लागल्या. निवडणाऱ्या प्रत्येकीच्या दारात जाऊन सांगायच्या, "बाजारादिशी सूप घिऊन ये. मागं अंगनात न्हाय, म्होरल्या पायरीवर." बाया घाबरल्या. चार माणसं एकत्र जमली की कचेरीत कळायचं, असे ते दिवस. आत्या म्हणायच्या, "आपुन काय वरडायचंय का? निवडायचं. तेवढंच येतंय आपल्याला."

बाजारच्या दिवशी आम्ही दुकानाच्या पायरीवर रांगेनं बसलो. आतून ज्वारी घेऊन गिऱ्हाईक बाहेर आलं की आत्या हात पुढं करायच्या, "दादा, आना हिकडं. निवडून देतो, फुकट." पहिले दोघं-तिघं बिचकले. मग एका म्हातारीनं पिशवी पुढं केली, आणि तिच्यामागं रांग लागली. प्रत्येकीनं निवडलेले खडे पायरीवर अंथरलेल्या फडक्यावर टाकायचे असं ठरलं होतं. ढीग वाढत गेला तशी माणसं भोवती जमायला लागली. एका शेतकऱ्यानं ढिगात हात घातला, खडे बोटांतून खाली सोडले आणि म्हणाला, "ह्याच दुकानाला म्या साफ ज्वारी इकली व्हती की." त्याचा चेहरा मला अजून दिसतो. चिडलेला नव्हता, आपल्या घरात कुणी शिरून गेलं असं कळावं तसा होता.

दुपारपर्यंत दुकानात जाणारं कुणी उरलं नाही. मुनीम बाहेर आला. "उद्यापासनं एकीलाबी काम न्हाय," म्हणाला.

"रोजावर मजुरी द्या, खड्यावर नगं," आत्या सूप न थांबवता म्हणाल्या. "आन् इकायची ज्वारी साफ द्या. मग उठतो."

मुनिमानं अमीनसाहेबांना, म्हणजे पोलिसांच्या अधिकाऱ्याला, बोलावणं धाडलं. अमीन दोन शिपाई घेऊन आला. मुनिमाचा सूर लगेच बदलला. "साहेब, ह्या बायकांनी पदरातनं खडे आनून वतलेत. दुकानाची बदनामी चाललीय. आमी मिसळताना कुनी बघितलंय का, इचारा."

अमीन गर्दीवरून नजर फिरवत म्हणाला, "कौन देखा? गवाह कौन है?"

मी दाराकडं बघितलं. आमचे मालक पाठीवर पोतं घेऊन तिथंच उभे होते, नजर खाली. बोलले तर काम जाणार होतं, आणि मिसळणारे हात त्यांचेच, म्हणजे गुन्हाही त्यांच्याच गळ्यात पडणार होता. त्यांनी बोलू नये अशी मी मनातल्या मनात रामलिंगाची विनवणी करत होते. मजुरी गेली खड्ड्यात, माझा माणूस मला हवा होता.

आत्या उठल्या. पदर सारखा केला, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं.

"साहेब, खडे माझ्या लेकानं मिसळले. मुनिमाच्या हुकमानं. त्यो बगा, दारात हाय. इचारा त्येला."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. गर्दीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. मालकांनी मान वर करून आईकडं बघितलं. मग पाठीवरचं पोतं सावकाश खाली ठेवलं. "व्हय," ते म्हणाले. "म्याच. ह्यांनी सांगितलं म्हनून." आणि मुनिमाकडं बोट केलं.

एवढ्या बाजारासमोर अमीनला कानाडोळा करता येईना. त्यानं मुनिमाला उद्या कचेरीत यायला सांगितलं. आमच्या मालकांना मात्र आजच नेलं.

घरी आल्यावर मी जन्मात पहिल्यांदा आत्यांना उलटून बोलले. "तुमी आई हाय का कोन हाय? त्यास्नी इचारायचं तरी. दुसऱ्या हमालाचं नाव घ्यायचं."

आत्या चुलीपुढं बसल्या होत्या. "दुसऱ्याबी कुनाचा तरी लेकच हाय न्हवं," म्हणाल्या. माझा राग मात्र जाईना. आम्ही दोघी एका घरात, एकमेकींशी न बोलता राहू लागलो.

पुढच्या बाजाराला दुकान ओस पडलं, त्याच्या पुढच्यालाही. मग मुनीम नरमला. मजुरी रोजावर ठरली, डबडी अंगणातून गेली. बाया गूळ घेऊन आमच्या घरी आल्या. आत्यांनी तो सगळ्यांना वाटला आणि स्वतः तोंडात घातला नाही.

मालक सुटून आले तेव्हा दाढी वाढली होती आणि गाल बसले होते. भिंतीशी बसले. आत्यांनी ताट पुढं सरकवलं, त्याला त्यांनी हात लावला नाही. त्यांनी धोतराच्या कनवटीची गाठ सोडली आणि मूठभर खडे आईसमोर ठेवले.

"हवालातीत ज्वारी ह्याच दुकानाची येती," ते म्हणाले. "रोज भाकरीतनं निघायचे. एका खड्यानं दाढ मोडली." त्यांनी गाल बोटानं ओढून मोडकी दाढ दाखवली. मग आईकडं न बघता म्हणाले, "म्याच घातलेले असतील, अव्वा."

इतक्या दिवसांत आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. त्यांनी ते खडे ओंजळीत घेतले आणि हमसून हमसून रडल्या. मीही रडले, पण मला कुणाचा राग होता ते तेव्हाही ठरवता आलं नाही. मग आत्यांनी डोळे पुसले, सूप घेतलं आणि लेकाच्या रात्रीच्या भाकरीसाठी ज्वारी निवडायला बसल्या. ती मी सकाळीच निवडून ठेवली होती, तीत एकही खडा नव्हता. मी तसं सांगितलं, तरी त्या दिवेलागणीपर्यंत निवडत राहिल्या.