उन्हात न दिसलेला जाळ

नवरा अंगणात नाचत होता आणि लोक हसत होते. हात झटकत होता, मांड्यांवर थापा मारत होता. कुंपणाबाहेरून कोणी ओरडलं, "गाडीले पाजता पाजता मिस्तरी सोताच पेला बे!" मी पिठाच्या हातांनी दारात आले. मलाही आधी तसंच वाटलं. भर दुपार होती, जाळ कुठेच दिसत नव्हता. मग त्याच्या सदऱ्याची बाही आपोआप काळी पडत वर वर जाताना दिसली.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. चिखलीला घराच्या अंगणातच आमचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. नवरा मिस्तरी, धाकटा दीर त्याच्या जोडीला. खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याच्या मुलाने जुनी विलायती गाडी आणून सोडली. घाट चढताना त्याला सगळ्यांच्या पुढे जायचं होतं. शर्यतीच्या गाड्या स्पिरिटवर जोरात पळतात, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. स्पिरिटचे डबे त्यानेच आणले. दारूबंदीचे दिवस. वास सुटला की शेजारी विचारत, "भाऊ, उरलंसुरलं इकडे पाठवता का?"

स्पिरिट पेट्रोलपेक्षा जास्त लागतं, म्हणून नवऱ्याने कार्बोरेटरमध्ये इंधन सोडणाऱ्या जेटचं भोक वाढवलं. थोडं वाढवायचं, गाडी पळवायची, प्लग काढून त्याचा रंग बघायचा, पुन्हा वाढवायचं. असं त्याचं कितीतरी दिवस चाललं होतं. गाडी तापली की झकास पळायची. थंड असली की सुरूच व्हायची नाही. मग दीर डब्यातून कार्बोरेटरच्या तोंडात थोडं स्पिरिट ओतायचा आणि नवरा पुढून हँडल मारायचा.

त्या दुपारी इंजिनने कार्बोरेटरच्या तोंडातून उलटा भडका मारला. दिराच्या हातातल्या डब्याने पेट घेतला. त्याने डबा फेकला, तो नवऱ्याच्या अंगावर सांडला. दोघांचा जन्म पेट्रोलात गेलेला. पेट्रोलचा जाळ पिवळा, लांबून दिसतो. स्पिरिटचा उन्हात दिसत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

गाडीसाठी भरून ठेवलेली पाण्याची बादली मी उचलली.

"वहिनी, पाणी नोका टाकू! माती टाका, माती!" हसणारेच आता ओरडायला लागले. पेट्रोलवर पाणी टाकू नये, हे सगळ्यांना ठाऊक. पण माती खणायला वेळ कुठे होता? मी नवऱ्यावर बादली ओतली. जाळ विझला. स्पिरिट पाण्यात मिसळतं, हे मला फार नंतर कळलं.

तेवढ्यात जाऊ बाहेर आली. "हे कुठी गेले?"

"विहिरीकडे पळाला. भेला, दुसरं काय," कोणीतरी म्हणालं.

दीर भ्याला नव्हता. त्याची पँट स्पिरिटने भिजली होती. पळताना वारा लागून जाळ अंगभर गेला. विहिरीच्या अलीकडे बांधावर तो पडलेला सापडला.

दोघांना दवाखान्यात न्यायला रस्त्यावर एक जीप थांबवली. ड्रायव्हरने वास घेतला आणि तोंड फिरवलं. "पेलेल्याइले मी नाही बसवत, बाई."

जावेने दिराच्या अंगावर पांघरलेलं धोतर बाजूला केलं आणि ड्रायव्हरला त्याचे भाजलेले पाय दाखवले. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानेच दिराला उचलून आत ठेवलं.

खामगावला दवाखान्यात पोचलो तेव्हा माझा नवरा जिवंत होता. दीर वाटेतच गेला होता. नवरा जगला.